कोळशावरचा कर आणि शिवारातली सौरवीज

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्याच्या हद्दीला लागून असलेल्या परळीच्या औष्णिक केंद्रात एक युनिट वीज निर्माण करण्यासाठी ढोबळमानाने 600 ते 700 ग्रॅम कोळसा जळतो, आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या कार्बनची किंमत वीजदरात धरणे म्हणजेच कार्बनमूल्य होय.

भारतात 2010 पासून कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर होता. 2016 पर्यंत तो 400 रुपयांवर, म्हणजे युनिटमागे सुमारे 25 पैशांवर गेला.

ही रक्कम आरंभी स्वच्छ ऊर्जेच्या राष्ट्रीय निधीसाठी होती, परंतु 2017 नंतर ती राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळली आणि कोळशावरचा कर आणि स्वच्छ ऊर्जेला चालना या दोन धोरणांना जोडणारा दुवाच तुटला. सप्टेंबर 2025 मध्ये उपकर रद्द होऊन कोळशावरील जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. मात्र हा कर वजनावर नसून किमतीवर असल्याने स्वस्त, राखट कोळशाला तो हलकाच पडतो.

केवळ करामुळे परभणीच्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळत नाही. त्यासाठी वितरण कंपन्यांवर अपारंपरिक वीज खरेदीचे बंधन आणि कृषी फीडर सौरऊर्जेवर नेणारी, 2017 ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आवश्यक ठरते. कर कोळसा महाग करतो, तर बंधन सौरविजेला ग्राहक मिळवून देते.

कार्बनमूल्याचा दुसरा मार्ग असलेल्या, 2023 मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत सिमेंट, ॲल्युमिनियम यांसारखे उद्योग आधी आले. औष्णिक केंद्रे मात्र पहिल्या टप्प्याबाहेर राहिली.