पाथरीची पोस्ट कोणत्या भाषेत?

पाथरीत एकाच मोबाइलवर तीन लिप्या नांदतात. कापसाचा भाव देवनागरीत, दावतीचं आमंत्रण उर्दूत, घाईतलं ‘कुठे आहेस?’ रोमन अक्षरांत.

यामागे इतिहास आहे. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. कचेरीची भाषा उर्दू, घरची मराठी नाहीतर दखनी.

जानेवारी २०२०मध्ये साईबाबांच्या जन्मस्थानावरून पाथरी-शिर्डी वाद पेटला, शिर्डीत बंदही झाला. अशा वेळी भाषेची निवड वजनदार ठरते. गावकऱ्यांशी बोलायला मराठी पुरते. पण साईभक्त देशभर पसरलेले, त्यांच्यासाठी हिंदी लागतेच.

तरी मराठी मागे पडू नये. फोन आता बोललेलं देवनागरीत उतरवून देतो, टायपिंगची सबब उरलेली नाही. बोंडअळीचा फोटो टाकून ‘फवारणी कोणती करू?’ असं मराठीत विचारलं, की शेजारच्या मानवतचा शेतकरीही लगेच सांगू शकतो.