नोकरी गेली, व्हिसा जागेवर

अमेरिकेत एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असलेल्या इंजिनिअरला ले-ऑफचा ईमेल येतो, लॅपटॉप बंद पडतो, ऑफिसच्या दाराचं कार्ड चालेनासं होतं. पासपोर्ट उघडला तर व्हिसा मात्र जिथल्या तिथे असतो. त्यावरची तारीख कदाचित अजून दोन वर्षं पुढची. कोणी त्यावर काट मारलेली नसते. तरीही देशात राहायला आता त्याचा उपयोग नसतो, कारण तो राहण्याचा परवाना कधी नव्हताच. विमानतळावर जाऊन ‘आत येऊ द्या’ म्हणण्यापुरता तो होता. आत आल्यावर कशासाठी आणि किती दिवस राहायचं, हे आय-नाइन्टी-फोर नावाच्या नोंदीत असतं. बहुतेकांच्या बाबतीत ही नोंद कागदावरही नसते, सरकारी संगणकात असते. तिच्यात तारीख असते आणि तारखेमागे अट: अमुक कंपनीत अमुक काम. अट मोडली की तारीख नुसती शोभेची.

मग नोकरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी हा माणूस त्या देशात कायद्याने नेमका कोण असतो?

२०१७ सालच्या जानेवारीपर्यंत या प्रश्नाचं उत्तर निष्ठुर होतं: कोणीच नाही. एच-वन-बी हा प्रकार १९९० च्या कायद्याने आला. त्यानंतर पाव शतक नोकरी जाणाऱ्याला नियमात एका दिवसाचीही सवड नव्हती. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर, २००१ साली कॅलिफोर्नियात कित्येक भारतीयांचा कामाचा शेवटचा दिवस हाच कागदोपत्री राहण्याचाही शेवटचा दिवस होता. घर आवरायला, गाडी विकायला, मुलांची नावं शाळेतून काढायला शून्य दिवस. पुढे ओबामांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, नोव्हेंबर २०१६ मध्ये एक नियम छापला गेला आणि १७ जानेवारी २०१७ ला लागू झाला. ट्रम्प यांचा शपथविधी २० तारखेला होता. आज एडिसनपासून बेलव्ह्यूपर्यंत प्रत्येक देशी घरात पाठ असलेले ‘६० दिवस’ ते हेच.

हे ६० दिवस वाटतात तितके साधे नाहीत. नियम म्हणतो, जास्तीत जास्त ६०. आय-नाइन्टी-फोरची तारीख २० दिवसांवर असेल तर २०च. सुट्ट्या, शनिवार-रविवार, सगळं त्यात धरलेलं. सरकारला वाटलं तर ही मुदत कमीही करता येते. या काळात राहता येतं, काम करता येत नाही. आणि मोजणी सुरू कधी होते? साधारणपणे, ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. निरोपाची म्हणून कंपनी जी रक्कम हातावर ठेवते, तिने एक दिवसही वाढत नाही.

इथे एक गमतीचा योगायोग आहे. व्हिसाशी काहीही देणंघेणं नसलेला १९८८ चा एक अमेरिकी कामगार कायदा सांगतो, की मोठ्या कंपनीने मोठी कपात करताना ६० दिवस आधी नोटीस द्यावी. जानेवारी २०२३ च्या एकाच आठवड्यात मायक्रोसॉफ्टने १०,००० आणि गूगलने १२,००० माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. अशा वेळी ज्याचं नाव नोटिशीच्या काळात पगारपत्रकावर राहतं, त्याच्या हाती बहुधा ६० अधिक ६० दिवस पडतात. कामगारांच्या पोटापाण्यासाठी केलेला कायदा असा परक्याच्या मुक्कामाला टेकू देतो. छोट्या कंपनीतल्या माणसाला हे नशीब नाही.

६० दिवसांत नोकरी मिळवायची म्हणजे काय करायचं, हेही बघण्यासारखं आहे. नव्या कंपनीची पिटिशन मंजूर व्हावी लागत नाही, सरकारदरबारी पोचावी लागते. पोचली की काम सुरू करायची मुभा. ही २००० सालच्या कायद्याची देणगी. पण पिटिशनच्या आधी श्रम खात्याचा एक दाखला लागतो आणि त्यालाच कामाचे सात दिवस जातात. वकिलाची कागदपत्रं वेगळी. म्हणजे उलटं मोजत आलं तर चाळिसाव्या दिवसाच्या आसपास कंपनीचा होकार हातात हवा, आणि तिकडे मुलाखतींच्या पाच-पाच फेऱ्या चालतात.

नाहीच जमलं तर? मला या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत विलक्षण वाटतो तो पुढचा मार्ग. मुदतीच्या आत अर्ज करून पर्यटक होता येतं. कित्येक वर्षं एका गावात राहिलेला, घराचे हप्ते फेडणारा, गणपतीच्या मंडपात दरवर्षी खुर्च्या लावणारा माणूस सरकारला कळवतो, की मी आता इथे पाहुणा आहे. आणि पाहुण्याला मुलाखती द्यायला बंदी नाही, असं खुद्द सरकारच सांगतं. फक्त कामावर रुजू होता येत नाही.

घरात एकाच्या नोकरीवर सगळ्यांचे मुक्काम टांगलेले असतात. बायको आणि भारतात जन्मलेला मुलगा एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर; त्यांचीही मुदत त्याच दिवसापासून सुरू. पाळण्यातली मुलगी तिथेच जन्मलेली असेल तर ती अमेरिकेची नागरिक; तिला कोणी जा म्हणू शकत नाही. एकाच छपराखाली ६० दिवसांची माणसं आणि जन्मभराचं माणूस. बायकोचा स्वतःचा एच-वन-बी असेल तर मात्र चित्र पालटतं: नवरा तिच्यावर अवलंबून म्हणून एच-फोरवर जाऊ शकतो. अशा घरात दोघांच्या दोन नोकऱ्या हाच खरा विमा.

मुदतीच्या आधी काढून टाकलेल्या माणसाच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा, असाही नियम आहे. त्याचा एकट्याचाच, बायकोपोरांचा नाही. राजीनामा दिला असेल तर तोही नाही.

सगळे देश इतके घाईचे नाहीत. ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या जुलैत कंपनीच्या भरवशावर आलेल्या कामगारांची मुदत ६० वरून एका वेळी १८० दिवसांवर नेली. युरोपच्या ब्लू कार्डावर तीन महिने मिळतात, दोन वर्षं झाली असतील तर सहा.

अमेरिकेतून परत आलेल्या माणसाचं तिकडे सगळं पुसलं जातं, असंही नाही. एच-वन-बीवर साधारण सहा वर्षं मिळतात आणि ती फक्त देशात काढलेल्या दिवसांनी संपतात. उरलेले दिवस खात्यावर राहतात आणि ते वापरायला एच-वन-बीच्या लॉटरीत पुन्हा नाव घालावं लागत नाही. मात्र २०२५ च्या सप्टेंबरात निघालेल्या ट्रम्प यांच्या हुकमाने, चालू व्हिसा नसलेला माणूस देशाबाहेर असेल तर त्याच्या नव्या पिटिशनवर एक लाख डॉलर लावले. काट न मारलेल्या त्या जुन्या व्हिसाला अचानक एवढी किंमत आली.

ग्रीन कार्डाच्या रांगेतली जागाही टिकते. कंपनीने केलेली ग्रीन कार्डाची पिटिशन एकदा मंजूर झाली, की माणूस हिंजवडीत येऊन बसला तरी रांगेतली तारीख त्याचीच राहते; नवी कंपनी कागद पुन्हा करायला तयार झाली की ती कामी येते. कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांहून जास्त कार्डं नाहीत. त्यामुळे २०२५ साली भारतात जन्मलेल्या ज्या इंजिनिअरांचा नंबर लागत होता, ते रांगेत उभे राहिले होते २०१२-१३ च्या सुमारास. आणि २०१४ साली अमेरिकेत जन्मलेली त्यांची मुलगी २०३५ मध्ये २१ वर्षांची होईल. तेव्हा ती नागरिक या नात्याने आईवडिलांसाठी स्वतः अर्ज करू शकेल. त्या अर्जाला रांग नाही.