दुभाष्या कोणाचा?

परक्या मुलखांत दुभाष्यावांचून आपलें पाऊल पुढें पडत नाहीं. तो सांगेल तें खरें. तो थांबेल तेथें संभाषण संपलें. आपल्या घरच्या संगणकांतही असे दुभाषे बसलेले असतात. त्यांना ड्रायव्हर म्हणतात. पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या ग्राफिक्स चिपच्या ड्रायव्हराविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

एखादा खेळ किंवा चित्रकामाचा प्रोग्राम ‘अमुक त्रिकोण अमुक रंगानें भर’ अशी आज्ञा एका सर्वमान्य पद्धतीनें देतो. १९९२ सालीं सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीनें प्रसिद्ध केलेली ओपनजीएल ही अशीच एक पद्धति. परंतु चिपला ती समजत नाहीं. प्रत्येक घराण्याच्या चिपची बोली निराळी. ड्रायव्हर हें भाषांतर क्षणोक्षणीं करीत असतो. त्याचा एक भाग ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यांत राहून चिपची मेमरी निरनिराळ्या प्रोग्रामांस वांटून देतो. दुसरा भाग बाहेर राहून आज्ञांचें रूपांतर करतो. लिनक्सवर या दुसऱ्या भागाचें मोठें भांडार म्हणजे मेसा. ब्रायन पॉल यांनीं १९९३ मध्यें त्याचा आरंभ केला आणि १९९५ मध्यें तें सर्वांस खुलें केलें.

‘खुलें’ म्हणजे काय? ड्रायव्हराचा माणसास वाचतां येईल असा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कोणासही मिळतो. कंपायलर त्या मजकुरापासून यंत्राला चालवितां येईल अशी फाइल तयार करतो; यालाच बिल्ड करणें म्हणतात. मजकूर हातीं असला म्हणजे जाणकारास चूक सुधारून पुन्हां बिल्ड करतां येतें. नुसती तयार फाइलच मिळाली, तर कंपनी देईल तेवढ्यावर समाधान मानावें लागतें.

आतां प्रश्न असा कीं, चिपची बोली कंपनीनें सांगितलीच नाहीं, तर ड्रायव्हर लिहावा कसा? एनव्हिडियाच्या चिपांसाठीं २००५ च्या सुमारास कांहीं मंडळींनीं नूव्हो नांवाचें काम हातीं घेतलें. कंपनीचा बंद ड्रायव्हर चालू ठेवावयाचा आणि तो चिपच्या कोणत्या जागीं कोणता आंकडा लिहितो, याची नोंद करावयाची. मग एकच गोष्ट, समजा त्रिकोणाचा रंग, बदलून पुन्हां नोंद करावयाची. दोन नोंदींत जेथें फरक पडला, तेथें रंगाचा आंकडा असावा, असा तर्क बांधावयाचा व तो पडताळून पाहावयाचा. अज्ञात लिपींतील शिलालेख लावण्यासारखेंच हें चिकाटीचें काम. २०१० मध्यें हा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यांत समाविष्ट झाला.

परंतु चिकाटीलाही एक कुलूप आडवें आलें. २०१४ मध्यें बाजारांत आलेल्या ९०० मालिकेपासून चिपच्या आंत चालणाऱ्या फर्मवेअरवर कंपनीची अंकीय सही असणें आवश्यक झालें, आणि चिपचा वेग वाढविण्याची किल्ली त्या फर्मवेअरपाशींच होती. त्यामुळें नूव्होवर हीं कार्डें चालूं होतांना मिळालेल्या मंद गतीवरच राहतात. २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या चिपांसाठीं वाट मोकळी झाली. २०२२ मध्यें कंपनीनें त्यांच्या ड्रायव्हराच्या गाभ्यांतील भागाचा सोर्स कोडही प्रसिद्ध केला. मधल्या पिढ्या मात्र अधांतरीं राहिल्या. २०१६ सालचें जीटीएक्स १०८० हें कार्ड त्यांपैकींच. २०२५ मध्यें कंपनीनें जाहीर केलें कीं, ५८० ही ड्रायव्हर-मालिका या पिढ्यांसाठीं शेवटची.

याउलट उदाहरण पाहा. रेडिऑन ९७०० हें कार्ड २००२ सालचें, म्हणजे चौदा वर्षांनीं जुनें. तें काढणारी एटीआय कंपनी पुढें एएमडीनें विकत घेतली, आणि २००७ मध्यें एएमडीनें आपल्या चिपांचीं तांत्रिक कागदपत्रें खुलीं करण्याचें ठरविलें. त्या घराण्याचा ड्रायव्हर मेसामध्यें अद्यापि जतन केला जात आहे.

एखादें कार्ड धडधाकट असूनही निरुपयोगी ठरतें, तें पुष्कळदां दुभाष्यानें साथ सोडली म्हणून. यंत्र विकत घेतांना त्याची शक्ति किती, हें आपण चौकसपणें विचारतों. त्याचा दुभाष्या कोणाचा, हेंही विचारण्याची संवय आपण लावून घेतली पाहिजे.