घाम, तर्री आणि वाटीभर वरण

नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर पहाटे चालायला येणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येतं : "मी काही पहिलवान नाही, नुसता चालतो. मला प्रोटीन कशाला?" मला या वाक्याची काळजी वाटते, कारण वजन उतरवायला निघालेल्या माणसाचं खरं नुकसान इथूनच सुरू होतं.

भरभर चालताना किंवा सायकल मारताना शरीर मुख्यतः पिष्ट पदार्थ आणि चरबी जाळतं. प्रथिनांचा वाटा जेमतेम पाच टक्के. म्हणून 'कार्डिओ केलं की स्नायू जळून जातात' ही भीतीही खरी नाही. स्नायू झिजतात ते ताटातलं अन्न कमी केल्यामुळे. नुसतं खाणं तोडून दहा किलो उतरवले, तर त्यातले साधारण अडीच किलो चरबीचे नसतात. त्यात स्नायूही जातात. वजनकाटा हा फरक सांगत नाही. जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवावा लागतो, तेव्हा तो कळतो.

मग किती प्रथिनं लागतात? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये निरोगी प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम हे प्रमाण दिलं. ७० किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम. वजन उतरवताना व्यायामही चालू असेल, तर क्रीडापोषणाचे अभ्यासक १.२ ते १.६ ग्रॅम सुचवतात. कमीत कमी धरले तरी ८४ ग्रॅम होतात. वजन फारच जास्त असेल तर हिशोब आजच्या वजनावर नको, उंचीला शोभेल त्या वजनावर करावा.

"आमच्याकडे रोज वरण असतं की!" हा त्यावरचा नेहमीचा जबाब. परवा मी घरचं वरण मोजूनच पाहिलं. चार माणसांसाठी कुकरला लावलेली कोरडी तूरडाळ १२० ग्रॅम भरली. म्हणजे माणशी ३०. तूरडाळीत शंभर ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे एकेकाच्या वाटीत साडेसहा ग्रॅम आली. पाणी वाढवून वरण पुरवलं की तेवढीही राहत नाहीत. डाळ उत्तमच आहे, पण तिच्यात प्रथिनांच्या अडीचपट पिष्ट असतं. पोळी, भात, वरण, भाजी असं दोन वेळचं जेवण आणि सकाळचे पोहे धरून दिवसाची बेरीज बहुधा चाळीसच्या आसपास अडकते.

ती वाढवायला प्रोटीन पावडरचा डबा विकत आणावा लागत नाही. दोन अंडी १२, दुपारी घट्ट वरण ९, दोन पोळ्या ६, दोन वाट्या दही ७, चार वाजता मूठ-दीड मूठ फुटाणे १०, रात्री झुणका ९, ज्वारीच्या दोन भाकरी ९, ३० ग्रॅम सोयावडीची भाजी १५, कपभर दूध ७. झाले ८४. अंडी चालत नसतील तर मुगाची धिरडी आणि थोडं पनीर घ्या. भाकरीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते बेसन भरून काढतं. म्हणून झुणका-भाकर ही जोडी प्रथिनांच्या दृष्टीने पक्की आहे. सोयाबीनचं मात्र मनाला लागतं. आपल्या विदर्भाच्या शेतांत ते एवढं पिकतं, तेलाच्या गिरणीत जातं, पेंड कोंबड्यांना जाते आणि आपल्या स्वयंपाकघरात क्वचितच येतं.

'पावडरशिवाय वजन उतरत नाही' हे जिममधलं ठाम मत. व्हे म्हणजे चीज करताना निघणारी निवळी वाळवून केलेली भुकटी. ती सोयीची आहे, जादूची नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत तर शरीर कमावण्यासाठी असे पूरक डबे टाळण्याचा सल्ला आहे.

जास्त प्रथिनांनी मूत्रपिंड बिघडतं ही भीती पूर्ण खोटी नाही, पूर्ण खरीही नाही. धडधाकट माणसाला वर सांगितलेल्या प्रमाणाने मूत्रपिंडाचा विकार जडल्याचं दिसलेलं नाही. पण मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर क्रिएटिनिन तपासून, डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवा. इथे हयगय नको.

आता घाम गाळून वजन उतरवण्याचं. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हाळ्यात जाड जॅकेट घालून पळणारे दिसतात, तेव्हा जीव घाबरा होतो. फेरीनंतर काटा किलोभर खाली दिसतो तो पाण्यामुळे. दोन तांबे पाणी पोटात गेलं की परत वर येतो.

आणि फेरीनंतर ठेल्यावर मिळणारे, हरभऱ्याच्या रश्श्याचे तर्री पोहे? आठवड्यातून एकदा जरूर खा. फक्त ठेल्यावरच्या दादांना सांगा, "पोहे अर्धे, वरचा तवंग नको, खालचे हरभरे जास्त." त्या प्लेटमधली बरीचशी प्रथिनं तळाच्या हरभऱ्यांत असतात. खाण्याआधी तलावाकाठच्या बाकावरून हात न टेकवता दहा वेळा उठा-बसा. पुढच्या आठवड्यात बारा वेळा. चालण्याने हृदयाचा दम वाढतो, पण मांडीचा स्नायू हवा आहे हे शरीराला कळतं ते अशा भाराने.