समकक्षांचे जाळे : स्काइपचा दाखला

दूरध्वनीच्या जुन्या व्यवस्थेत प्रत्येक संभाषण मध्यवर्ती केंद्रातून जाते आणि त्या केंद्राचा खर्च ग्राहकाच्या देयकातून वसूल होतो. पीअर-टू-पीअर, म्हणजे समकक्षांच्या जाळ्यात, हे केंद्रच वगळण्याचा यत्न असतो. ऑगस्ट २००३ मध्ये सुरू झालेला स्काइप हा त्याचा बोधप्रद दाखला होय. त्याचे प्रवर्तक निक्लास झेनस्ट्रोम व यानुस फ्रिस यांनी त्यापूर्वी काझा ही फायलींच्या देवघेवीची व्यवस्था उभारली होती.

‘समकक्ष’ हा शब्द मात्र येथे जपूनच घ्यावयास हवा. घरोघरच्या बहुतेक संगणकांस स्वतंत्र जाहीर पत्ता नसतो. एकाच पत्त्याआडून अनेक यंत्रे बोलतात. साहजिकच बाहेरून आलेली अनपेक्षित हाक कोणासाठी आहे हे राउटरला कळत नाही व तो ती टाकून देतो. दोन्ही टोके अशी आडोशाला असली, म्हणजे त्यांची गाठ घालून देण्यास तिसरा लागतो. जाहीर पत्ता, भरपूर वाहकक्षमता व दीर्घकाळ चालू राहणे हे गुण ज्या संगणकात आढळत, त्यास स्काइपची आज्ञावली आपण होऊन ‘सुपरनोड’ करी. तो इतरांचे ठावठिकाणे राखी. अशी यंत्रे प्रसंगी परक्यांचे संभाषणही वाहून नेत. संभाषण सांकेतिक असल्याने धन्यास ते ऐकू येत नसे, पण जोडणी त्याची खर्ची पडे, आणि बहुधा त्यास याची वार्ताही नसे. (विद्यापीठांतील संगणक या कसोटीस सहज उतरत!)

शिवाय प्रवेशाची तपासणी मध्यवर्ती यंत्रांकडेच होती. १६ ऑगस्ट २००७ रोजी याचा प्रत्यय आला. कंपनीच्या स्पष्टीकरणानुसार, विंडोजच्या नियमित सुधारणेनंतर असंख्य संगणक थोड्या अवधीत बंद होऊन पुन्हा चालू झाले. प्रवेशासाठी झुंबड उडाली ती नेमकी समकक्षांची संख्या रोडावलेली असताना. सेवा सुमारे दोन दिवस विस्कळीत राहिली. डिसेंबर २०१० मध्ये विंडोजवरील एका आवृत्तीतील दोषामुळे २५ ते ३० टक्के सुपरनोड बंद पडले आणि उरलेल्यांवर असह्य भार आला.

मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये स्काइप विकत घेतला व २०१२ मध्ये सुपरनोड स्वतःच्या केंद्रांत हलविले. विद्युत्घटावर चालणारा मोबाइल परक्यांचा भार वाहू शकत नाही, हेही त्या काळी स्पष्ट होऊ लागले होते. ५ मे २०२५ रोजी ही सेवा बंद झाली. व्हॉट्सॲपवर दोघांमधील संभाषण शक्य तेथे आजही थेट जाते. परंतु त्यामुळे एकाचा इंटरनेट-पत्ता दुसऱ्यास कळतो. म्हणून २०२३ पासून, ध्वनीचा दर्जा काहीसा घटला तरी, ते कंपनीच्या यंत्रांमार्गे नेण्याचा पर्याय ग्राहकास देण्यात आला आहे.