‘बरी झाली’ या नोंदीनंतर

१९८७ साली बार्शीत एक नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत कर्करोग कोणाला झाला, कोणता झाला, माणूस जगला की गेला, हे कार्यकर्ते गावोगाव फिरून टिपू लागले. ग्रामीण भारतातली या प्रकारची ही पहिलीच नोंदणी. बायकांच्या यादीत सर्वांत वर होता गर्भाशयमुखाचा कर्करोग. आपल्या बोलीत ‘पिशवीच्या तोंडाचा’.

त्याच परिसरात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, पुढे एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत ३४ मृत्यू झाले. नेहमीचीच व्यवस्था असलेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. मराठवाड्यातल्या शेतकरी आणि मजूर बायकांमुळे जगाला हे कळले, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

मात्र या हिशेबाचा शेवटचा रकाना मृत्यूचा आहे. ज्या वाचल्या, त्या पुढे कशा जगल्या, हे त्यात येत नाही.

मी डॉक्टर नाही. मिळेल ते वाचत आणि जाणकारांना विचारत हा विषय समजून घेते आहे. त्याची सुरुवात आमच्या शेजारच्या मावशींच्या एका वाक्याने झाली. उपचार संपून तीन वर्षे झाली होती. त्या म्हणाल्या, “दुखणं गेलं बाई, पण त्याच्यासंगं माझं माहेरबी गेलं. एस.टी.त तासभर लघवी धरवत नाही.” हे त्यांनी डॉक्टरांना सांगितले नव्हते. जीव वाचवला, आता आणखी काय मागायचे, असे त्यांना वाटत होते.

मावशींचे शरीर नेमके कुठे अडले होते? ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. डॉक्टर तिला ‘पेल्व्हिक फ्लोअर’ म्हणतात. खाटेची नवार अंथरूण पेलते तशी ही झोळी मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय पेलते. लघवी, योनी आणि शौच यांचे तिन्ही मार्ग तिच्यातूनच जातात. खोकताना ती आवळते, लघवीला बसल्यावर सैल होते. नवार पार ढिली पडली तर ‘अंग बाहेर येते’.

कर्करोगाचे उपचार याच जागी होतात. मोठ्या शस्त्रक्रियेत गर्भाशयाबरोबर आजूबाजूच्या ऊतीही काढतात. तिथून जाणाऱ्या नसांना धक्का लागला, तर मूत्राशय भरल्याची जाणीव मंदावते किंवा ते पूर्ण रिकामे होत नाही. किरणोपचाराचे, म्हणजे रुग्ण ज्याला ‘शेक’ म्हणतात त्याचे, परिणाम हळूहळू उमटतात. सूक्ष्म रक्तवाहिन्या अरुंद होतात, मऊ ऊती ताठर होतात, योनीमार्ग आखडतो. हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. बीजांडांचे काम थांबले की पाळी जाते आणि कोरडेपणा वाढतो.

किरण कसे दिले जातात, यावरही पुष्कळ अवलंबून असते. टाटा मेमोरियलने ३०० स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली आले. या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार दिले होते. जुन्या पद्धतीत तीन वर्षांत ४२.४ टक्के जणींना आतड्यांचा मध्यम वा तीव्र त्रास झाला. अधिक नेमक्या, प्रतिमेच्या आधारे दिलेल्या किरणांत २१.१ टक्के.

झालेल्या त्रासावर उपाय आहेत. ‘केगल’ व्यायाम अनेकींनी ऐकलेला असतो. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली तो मांडला. लघवी आणि वायू रोखताना आवळतो ते स्नायू आत-वर ओढायचे, काही सेकंद धरायचे आणि मग पूर्ण सैल सोडायचे. श्वास रोखायचा नाही आणि लघवी करतानाच सराव करायचा नाही.

इथे मात्र एक चूक सर्रास होते. प्रत्येकीची झोळी ढिलीच असते असे नाही. दुखण्याच्या धास्तीने काहींचे स्नायू कायम आवळलेले राहतात. अशा बाईने आणखी आवळायचा सराव केला, तर दुखणे वाढते; तिला आधी पोटातून संथ श्वास घेत स्नायू सोडायला शिकावे लागते. म्हणून या कामातल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घेणे महत्त्वाचे. योनीमार्ग आखडू नये यासाठी ‘डायलेटर’ असतो. उपचारांनंतरची आग शमल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने तो वापरतात. कोरडेपणावर पाण्याचा अंश असलेली जेली असते. गळतीच्या भीतीने पाणी तोडू नये. लघवी गडद होऊन जळजळ वाढते आणि शौचालाही खडा धरतो.

रक्तस्राव, पायाला सूज, नवे दुखणे किंवा रात्रंदिवस थेंब थेंब लघवी गळणे यांवर मात्र व्यायाम करत बसू नये. लगेच डॉक्टर गाठावेत.

आपल्या शहरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ साली सुरू झाले. बीड, जालना, परभणीच्या बायका तिथे येतात. उपचार संपल्यावर त्या ज्या गावी परततात, तिथे या अवयवांसाठी ‘खाली’ आणि ‘अंग’ एवढेच शब्द चालतात. आपण होऊन कोणी बोलत नाही, विचारावे लागते. लघवी धरवते का? शौचाला धावावे लागते का? जवळ येताना दुखते का? फेरतपासणीच्या कागदावर एवढे तीन प्रश्न छापले, तरी पुष्कळ बदलेल.

मावशींना मीच फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेले. तीन महिने त्या नेमाने व्यायाम करत होत्या. त्रास पूर्ण गेलेला नाही. पण यंदा भाऊबीजेला त्या एस.टी.ने जाणार आहेत. वाटेत गाडी कुठे थांबते, तेवढे त्यांनी विचारून ठेवले आहे.