गेमच्या मशीनची किंमत

इंद्रायणी नदीजवळचे तळवडे तुम्हांला माहीत असेल. पिंपरी-चिंचवड शहराच्या कडेचे हे गाव आता कारखान्यांनी गजबजले आहे. चाकणचे मोटारींचे कारखानेही येथून दूर नाहीत. या भागातील अनेक लहान वर्कशॉपमध्ये मोठ्या कारखान्यांसाठी सुटे भाग तयार होतात.

समजा, तुमचे अब्बा अशाच एका वर्कशॉपमध्ये कामाला आहेत. तुम्हांला टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेमचे मशीन हवे आहे. या मशीनला कन्सोल म्हणतात. त्याची किंमत ऐकून अब्बा म्हणतात, "जरा थांब. नवी वस्तू पुढे स्वस्त होते."

अब्बांचे म्हणणे खरे आहे का? चला, आपण हिशेब करून पाहू.

जपानच्या सोनी कंपनीने २००० साली प्लेस्टेशन २ नावाचा कन्सोल बाजारात आणला. अमेरिकेत त्याची किंमत २९९ डॉलर होती. २००२ मध्ये ती १९९ डॉलर झाली. २००४ मध्ये १४९, २००६ मध्ये १२९ आणि २००९ मध्ये फक्त ९९ डॉलर! म्हणजे नऊ वर्षांत किंमत एकतृतीयांश झाली. मशीन तर तेच खेळ खेळवत होते. मग किंमत का उतरली?

पहिले कारण अब्बांच्या वर्कशॉपमध्येच सापडेल. प्लॅस्टिकचा भाग बनवायला आधी पोलादी साचा लागतो. समजा, साच्याला २,००,००० रुपये खर्च आला. त्या साच्यातून १,००० नग काढले, तर प्रत्येक नगावर साच्याचा खर्च २०० रुपये पडतो. एक लाख नग काढले, तर तोच खर्च फक्त २ रुपये पडतो. शिवाय काम करता करता कामगारांचा हात बसतो आणि खराब माल कमी निघतो. प्लेस्टेशन २ तर जगभर १५ कोटींहून अधिक विकले गेले.

दुसरे कारण आहे चिप. चिप हा कन्सोलचा मेंदू होय. सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर एकाच वेळी पुष्कळ चिप बनवतात. चिप लहान झाली, की एका चकतीतून जास्त चिप निघतात. एकाच पिठाच्या गोळ्यातून लहान पुऱ्या जास्त होतात, तसेच हे आहे. प्लेस्टेशन २ च्या दोन मुख्य चिप पुढे एकाच चिपमध्ये बसवण्यात आल्या. त्यामुळे मशीन लहान झाले. सुरुवातीला त्याचे वजन सुमारे २ किलो २०० ग्रॅम होते. २००४ साली आलेले सडपातळ मशीन सुमारे ९०० ग्रॅमचे होते. वजन घटले, की माल कमी लागतो आणि वाहतुकीचा खर्चही वाचतो.

तिसरे कारण म्हणजे चढाओढ. मे २००२ मध्ये सोनीने किंमत उतरवली. दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या एक्सबॉक्सची किंमतही १९९ डॉलर केली. दुकानात दोन मशीन शेजारी शेजारी असली, तर गिऱ्हाईक स्वस्त मशीनकडे वळणारच!

शिवाय कंपनीचा नफा केवळ मशीनवर अवलंबून नसतो. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधून तिला पैसे मिळतात. म्हणून मशीनवर कमी नफा घेणे, कधी तोटा सोसणेही तिला परवडते. मशीन जितक्या घरांत जाईल, तितके गेम खपतात.

तर मग अब्बांचे म्हणणे बरोबर ठरले? थांबा, मित्रांनो! घाईने उत्तर देऊ नका.

प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला. डिस्क लागणाऱ्या मशीनची किंमत ४९,९९० रुपये होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती उतरली नाही, उलट ५४,९९० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतही ५० डॉलरची वाढ झाली. असे का घडले? चिप आणखी लहान करणे आता फार महाग पडते. त्यामुळे चिप लहान केली, तरी पूर्वीइतकी बचत होत नाही. जगभर महागाई वाढली. परदेशातून येणाऱ्या मालावर जकात बसते. डॉलरच्या मानाने रुपया घसरला, की बाहेरून येणारी वस्तू आपल्याला महाग पडते.

म्हणजे "थांबले की स्वस्त मिळते" हा काही कायमचा नियम नाही. खर्च उतरला आणि चढाओढ असली, तरच किंमत उतरते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सर्वांत कमी किंमत बहुधा मशीनच्या उतारवयात येते. ९९ डॉलरचे प्लेस्टेशन २ घेणाऱ्यांना मशीन स्वस्त मिळाले, पण तोवर बहुतेक नवे गेम पुढच्या मशीनसाठी निघू लागले होते. २०१३ च्या सुरुवातीपर्यंत त्याचे उत्पादनही थांबले.

म्हणून मोठी वस्तू घेताना घरातल्या सर्वांनी बसून हिशेब करावा. तिची किंमत कोणत्या कारणाने उतरेल? थांबल्याने काय वाचेल आणि काय हुकेल? आज रात्री जेवताना अब्बांना त्यांच्या कारखान्यातील साच्याचा हिशेब विचारा. मग कन्सोलची गोष्ट काढा. कदाचित उत्तर "घेऊ या" असेल, कदाचित "थांबू या" असेल. पण ते हट्टाने नव्हे, विचाराने ठरलेले असेल.